चालून काढलेली परिमिती

मला गणित येतं, हे मला आठवीत कळलं. त्याआधी आई, बाबा, सगळे सर आणि शाळेचे शिपाईमामा, सगळ्यांना पक्कं माहीत होतं की मनस्विनीला गणित येत नाही. मग आम्हाला भानुमती मॅडम आल्या. त्यांनी माझा सात मार्क पडलेला पेपर घेतला, मला शेजारी बसवलं आणि म्हणाल्या, "गुणाकार-भागाकार तर सगळे बरोबर आहेत की गं. मग गणितं का चुकली?"

"काय काढायचंय तेच कळत नाही, मॅडम."

"मग तसं म्हण ना. तुला शब्द कळत नाहीत."

आणि वर्षभर त्यांनी मला शब्दच शिकवले. परीघ, जीवा, सरासरी, व्यस्त प्रमाण. व्याख्या पाठ करायची नाही, वस्तू हातात घेऊन दाखवायचं. नववीत जाईपर्यंत मी अशी झाले की मॅडमचा प्रश्न संपायच्या आत माझा हात वर. मागच्या बाकावरून पोरी ओरडायच्या, "मने, हात खाली घे, पंख्यात जाईल!"

रूपा मला भेटली ती ह्याच दिवसांत. मी नुसती उडत होते.

ते सलग दुसरं कोरडं वर्ष. शहराच्या कडेला सातारा परिसरातली आमची कॉलनी नवीकोरी, घरं चकाचक, नळ स्टीलचे, आणि नळांतून येतंय काय तर फुस्स अशी हवा. बोअर आटले होते. एक दिवसाआड टँकर यायचा. पहाटेपासून प्रत्येक घराचा निळा ड्रम रस्त्याच्या कडेला लागायचा आणि ड्रमजवळ घरातलं एक माणूस उभं राहायचं. आमच्या घरचं माणूस म्हणजे मी. रांगेत सगळ्यात शेवटी समोरच्या बांधकामावरच्या मजुरांचा ड्रम. तो शेवटीच ठेवायचा, असा नियम कॉलनीचे सेक्रेटरी तात्यासाहेब यांनी केला होता. त्या ड्रमवर एक बारकी पोरगी बसलेली असायची. मांडीवर पुस्तक, आणि मोठ्यानं वाचन चालू.

"आयताची परिमिती काढा. आयताची परिमिती काढा. आयताची परिमिती..."

तिसऱ्यांदा ऐकल्यावर मी गेलेच. "अगं, मग काढ की!"

"काय काढू?"

"परिमिती."

"ते काय आसतंय?"

मी तिला विचारलं, सत्तेचाळीस गुणिले तेवीस. तिनं डोळे बारीक करून टँकरच्या रस्त्याकडं बघितलं आणि म्हणाली, "एक हजार एक्क्याऐंशी." कागद नाही, पेन्सिल नाही! बरोबर आहे की नाही ते बघायला मलाच घरात वही आणायला पळावं लागलं. बरोबर होतं. ही तर मीच होते, सात मार्कांचा पेपर हातात घेऊन बसलेली. फक्त माझ्याहून खूप हुशार.

तिचे वडील कडुबाकाका गवंडी. गाव पैठण रोडला, चितेगावच्याही पुढं. गावातली विहीर कोरडी पडली तेव्हा तिघं इथं आले होते. बांधकामाशेजारच्या पत्र्याच्या खोलीत राहायचे. खोलीत एक चूल, एक दोरी कपड्यांची आणि बाबासाहेबांचा फोटो, रोज पुसलेला. रूपाची आई भामामावशी दिवसभर स्लॅबवर पाणी मारायची आणि हसून म्हणायची, "आमी तहानलो आन् ही स्लॅब पिऊन बसली."

कडुबाकाकांनी मला पहिल्याच दिवशी सगळं सांगून टाकलं.

"ताई, ही पाचवीत हाय. सरकारी निवासी साळेची परीक्षा हाय जानेवारीत. त्यात नंबर लागला की बारावीपस्तोर तिथंच ऱ्हायाचं, खायाचं, शिकायचं. पर एकदाच बसता येतंय. यंदा गेली ती गेली."

"आणि नंबर नाही लागला तर?"

"उन्हाळ्यात हे काम बंद पडंल. पाणीच नाय तर सिमेंट काय थुकीत कालवायचं? मंग आमी जिथं काम तिथं जाणार. आज इथं, उद्या तिथं. आसल्यात साळा कशी व्हायची?" ते रूपाकडं न बघता म्हणाले. "हिशेबाला लई तेज हाय वं. पर पेपरातलं वाचलं की गप व्हती."

"काका, तुम्ही काळजीच करू नका," मी म्हटलं. "मी आहे ना!"

असंच म्हटलं होतं मी.

दुसऱ्या दिवसापासून ड्रमच्या रांगेत आमचा वर्ग सुरू. टँकर कधीच वेळेवर यायचा नाही, म्हणजे तास-दीड तास हमखास. कडुबाकाकांनी एका खोलीच्या पायासाठी जमिनीवर पांढऱ्या फक्कीच्या रेघा मारल्या होत्या. मी रूपाला त्या रेघेवर उभं केलं.

"चाल. पावलं मोज. जिथून निघालीस तिथं परत ये."

ती चालली. बारा पावलं, वळली, सहा, वळली, बारा, वळली, सहा. "छत्तीस."

"झाली परिमिती!"

"येवढंच?"

"एवढंच."

"मंग येवढा मोठा शब्द कशाला ठिवला?"

मी हसून हसून ड्रमवर डोकं टेकलं. पण तिला तो शब्द इतका आवडला की ती दिवसभर कशाचीही परिमिती काढत सुटली. विटांच्या चट्ट्याची, तात्यासाहेबांच्या स्कूटरची, झोपलेल्या कुत्र्याची.

मग सगळेच शब्द आम्ही असे अंगानं शिकलो. ड्रमच्या झाकणावर काठी आडवी धरली की व्यास, मधल्या बिंदूपासून कडेपर्यंत हात ठेवला की त्रिज्या, ड्रमला दोरी गुंडाळली की परीघ. काटकोन कडुबाकाकांनीच शिकवला. त्यांचा गुण्या, म्हणजे ते लोखंडी कोपऱ्याचं अवजार, भिंतीला लावून म्हणाले, "हे बग, ह्यात काडी शिरली तर गवंडी नापास." सरासरी शिकवायला तीन डब्यांत पाणी कमी-जास्त घेऊन सारखं करायचं असतं, पण त्या वर्षी पाणी घेऊन खेळ कोण करू देणार? आम्ही वाळूवर भागवलं. क्षेत्रफळाला ती गुडघ्यावर बसून सरकत सरकत फरशा हातानं थापटायची. प्रश्न वाचला की रूपा उठायची. चालायची, वाकायची, हात पसरायची, आणि उत्तर आणायची. एकही चुकायचं नाही.

"हे काय, पाण्याच्या रांगेत लेझीम लावलीय का?" तात्यासाहेब पहिल्यांदा ओरडले होते.

"लेझीम नाही काका, भूमिती आहे."

"भूमितीला काय गोल गोल फिरावं लागतं?"

"त्रिकोणाला तिकोनी फिरावं लागतं," रूपा म्हणाली, आणि अख्खी रांग हसली. टँकरवाले चाचासुद्धा पाइप हातात धरून बघत थांबायचे. "अरे वा, चक्कर नै आती क्या तेरेकू?"

हळूहळू लोक मुद्दाम प्रश्न द्यायला लागले. "रूपा, ह्या ओट्याची परिमिती सांग!" ती धावायची, सांगायची, टाळ्या पडायच्या. कुणीतरी मोबाइलवर शूटिंग करून कॉलनीच्या ग्रुपवर टाकलं. खाली लिहिलं होतं, 'आपल्या मनूची पाण्याच्या रांगेतली शाळा'. मी तो व्हिडिओ किती वेळा बघितला ते मी कुणाला सांगणार नाही. बघताना मी रूपाकडं बघत नव्हते, हे मात्र सांगते.

शाळेत मी भानुमती मॅडमना तो दाखवला. त्यांनी पूर्ण बघितला. मला वाटलं आता मिठी मारतील.

"छान," त्या म्हणाल्या. "शब्द तिच्या पायात उतरलाय. आता तिला बसव."

"म्हणजे?"

"म्हणजे बाकावर बसव. आधी बोटानं कागदावर चालू दे. मग बोटही न हलवता. तुला मी वस्तू दाखवून झाल्यावर दोन महिने काय करायला लावलं होतं? डोळे मिटून सांगायला. आठवतंय का?"

आठवत होतं. लई कंटाळवाणं होतं ते. कोणी टाळ्या वाजवत नाही त्याला.

"हो मॅडम, उद्यापासून बसवते."

"परीक्षा कधी आहे?"

"नऊ जानेवारीला. महिना आहे अजून."

"मग आजपासून बसव."

मी खरंच बसवणार होते. पण त्याच संध्याकाळी तात्यासाहेब आमच्या घरी आले. कॉलनीचं स्नेहसंमेलन होतं, परीक्षेच्या आधीच्या रविवारी. "मनू, ते तुमचं गणित स्टेजवर होऊन जाऊ द्या. नगरसेवक येणारेत. जरा दुष्काळातली जिद्द वगैरे, माझं भाषण आहेच त्याच्या आधी."

आई म्हणाली, "अगं, त्या पोरीची परीक्षा तोंडावर आली."

"आई, ही प्रॅक्टिसच आहे की!"

मग रोज आमची तालीम. मी स्टेजवर फक्कीच्या रेघा मारायच्या ठरवल्या, माझ्या जुन्या गॅदरिंगचा घागरा तिला घातला, प्रत्येक शब्दाला एक फेरी बसवली. एकदा, मला तारीख नक्की आठवते, तीस डिसेंबरला, रूपा जुन्या प्रश्नपत्रिकेचं पुस्तक घेऊन आली.

"मनूताई, आज पेपर सोडवू का? बसून?"

"उद्या गं. आधी ही फेरी नीट कर. वळताना तोंड लोकांकडं पाहिजे."

तिनं पुस्तक ड्रमवर ठेवलं आणि तोंड लोकांकडं करून वळली.

कार्यक्रम जोरात झाला. माझ्या हातात नारळ दिला, रूपाला कंपासपेटी. भामामावशी सगळ्यात मागं उभी होती, पदर तोंडाला लावून. मला वाटलं ती रडतेय आनंदानं, आणि ते खरंच होतं.

नऊ तारखेला कडुबाकाका, रूपा आणि मी रिक्षानं औरंगपुऱ्यात गेलो. तिथल्या एका जुन्या शाळेत तिचा नंबर होता. काकांनी पांढरा शर्ट घातला होता, कोपरापाशी चुन्याचा डाग न निघालेला. फाटकापाशी गर्दी. सगळ्यांचे आईवडील मुलांना काहीतरी शेवटचं सांगत होते. काकांनी नुसता रूपाच्या डोक्यावर हात ठेवला आणि काढून घेतला.

"घाबरायचं नाही," मी म्हटलं. "प्रश्न आला की आपण कसं करतो?"

"तसं करायचं," ती म्हणाली आणि आत गेली.

दोन तास आम्ही फुटपाथवर बसलो. काका मला सांगत होते, त्या शाळेत म्हणे पोरींना रोज आंघोळीला बादलीभर पाणी असतं. लायब्ररी असते. "आमच्या अख्ख्या भावकीत पोरगी बारावीपस्तोर गेली नाय, ताई."

रूपा बाहेर आली. "कसा गेला?" आम्ही दोघांनी एकदम विचारलं.

"बरा."

तेवढंच. काकांनी तिला उसाचा रस पाजला. रिक्षात ती झोपून गेली की झोपल्यासारखं केलं, मला आजही माहीत नाही.

खरं तिनं मला दोन दिवसांनी सांगितलं, ड्रमच्या रांगेत. पुस्तक आणलं नव्हतं. खाली बघून, जसं दुसऱ्या कुणाचं सांगावं तसं सांगत गेली.

"पहिली आकृत्या-आकृत्यांची झाली, ती चांगली गेली. मंग गणितं आली. एक बाग होती. आयत. लांबी-रुंदी दिलती. तिच्या भवती तीन पदरी तार लावायची, किती लागंल."

"मग? सोपं आहे!"

"सोपंच की. तीन पदरी म्हणजे तीन फेऱ्या." ती थांबली. "मी उठले. बाकाच्या भवती चालले. पाय वाजवले नाय, ताई. बोलले बी नाय. दुसऱ्या फेरीला बाईनं धरलं."

"बाई म्हणाल्या, कुणाचं बघायलीस? म्या म्हणलं, कुणाचं नाय, परिमिती काढायलेय. पोरं हसली. बाईनं पेपर घेतला आन् एका सरांना बोलवायला गेल्या. सर आले. मंग मला पुढं टेबलाजवळ बशिवलं. म्हणाले, जागची हललीस तर बाहेर काढीन."

"पेपर परत दिला ना पण?"

"दिला. लई वेळानं. बाई वाईट नव्हत्या, त्यांनी पाणी बी दिलं." तिनं आपले हात बघितले. "पर मंग मला हात बी हलवायचं भ्या वाटलं. सरासरी आली, वाळू कशी सारखी करायची हातानं, ते बी दिसंल म्हणून मी हात मांडीखाली दाबून बसले. बसल्या बसल्या मला काय दिसंचना. आकडे दिसायले, बाग दिसंना. राहिलेले उत्तरांचे गोल नुसते काळे करून टाकले."

टँकर आला. चाचांनी हॉर्न वाजवला. लोक ड्रम सरकवायला लागले. मी हलले नाही.

"बाला सांगू नगा," रूपा म्हणाली. "त्यानं सायटीवर सगळ्यांला सांगितलंय."

मी भानुमती मॅडमना सांगितलं. कुणाला तरी सांगायला हवंच होतं. त्यांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला.

"बसवलं होतंस किती दिवस?"

"एक पण नाही."

त्या रागावतील असं वाटलं, म्हणजे रागवायला हवं होतं त्यांनी. त्यांनी चष्मा परत लावला आणि वह्या तपासायला घेतल्या. पहिलीच वही उलटी धरली होती, ते त्यांच्या लक्षात यायला वेळ लागला. त्या दिवशी वर्गात त्यांनी प्रश्न विचारला आणि माझा हात वर गेला नाही. मागून कुणीतरी म्हणालं, "मने, पंखा बंद आहे का?"

त्यानंतर तीन महिने. प्रत्येक टँकरला कडुबाकाका विचारायचे, "ताई, यादी लागली का?" आणि मी म्हणायचे, "अजून नाही, काका." सायटीवरचे लोक रूपाला मास्तरीण म्हणायला लागले होते. "ओ मास्तरीणबाई, घमेलं द्या हिकडं." ती द्यायची. माझ्याशी बोलायची, हसायचीसुद्धा, पण कुणी ओट्याची परिमिती विचारली की म्हणायची, "पाय दुखायलेत."

मी तिला बसवायला लागले, हो, आता बसवायला लागले! तिची परीक्षा झाल्यावर. ती माझ्या समाधानासाठी बसायची. काकांना खरं सांगावं असं रोज ठरवायचे, आणि ते लांबून येताना दिसले की त्यांच्या चेहऱ्याकडं बघून पुन्हा उद्यावर टाकायचे.

एप्रिलमध्ये बांधकामाला पाणी बंद झालं. तिसऱ्या मजल्याच्या स्लॅबवर सळ्या तशाच उभ्या राहिल्या. त्याच आठवड्यात यादी लागली. मी बाबांच्या कॉम्प्युटरवर बघितली, वरून खाली, खालून वर, मग बोट लावून एकेक नंबर. रूपाचा नव्हता. तिच्या आधीचा होता, नंतरचा होता.

मी सांगायला गेले तेव्हा पत्र्याच्या खोलीतून सामान निघत होतं. पुण्याकडं कुठंतरी काम मिळालं होतं, टेम्पो आणखी दोन सायटींवरची माणसं घेऊन आला होता. भामामावशी भांडी बांधत होती. काकांनी फोटो आपल्या टॉवेलात गुंडाळून हातात घेतला होता. माझ्याकडं बघूनच त्यांना कळलं.

"नाय ना?"

"नाही, काका."

ते विटांवर बसले. "कुठं चुकलं वं ताई? तुमी तर येवढी मेहनत केली. सगळं येत होतं तिला. स्टेजवर येवढ्या लोकांत सांगितलं की तिनं."

तेव्हा मी सांगितलं. सगळं. बाग, तीन पदरी तार, बाकाभोवतीच्या फेऱ्या, बाई, सर. आणि मॅडमनी मला काय सांगितलं होतं ते, आणि मी काय केलं ते. तीस डिसेंबरचं पण. मी रडत होते आणि शब्द तुटत होते, पण एकही गाळला नाही. रूपा टेम्पोच्या चाकाला टेकून उभी होती. तिनं सगळं ऐकलं.

काका एवढंच म्हणाले, "पोरगी मोजायली होती. चोरी करायली नव्हती."

"नाही, काका."

"यादीत नाय म्हणल्यावर मला वाटलं, पेपरातलं तिला येत नसंल." त्यांनी तोंडावरून हात फिरवला. "येत होतं तर."

त्यांनी मला एक शिवी दिली असती तर बरं झालं असतं. त्याऐवजी ते उठले आणि सिमेंटच्या रिकाम्या गोणीचा कागद फाडून माझ्यापुढं धरला. "ताई, ते सगळे शब्द ल्हून द्या. ह्यावर. म्हणजे काय ते बी ल्ह्या. बसून कसं करायचं ते बी. मी इचारत जाईन तिला."

मी जमिनीवर बसून लिहायला घेतलं. परिमिती. क्षेत्रफळ. त्रिज्या. कागद जाड, पेन अडकत होतं. व्यास. परीघ. टेम्पोवाला ओरडला, "ओ कडुबा, चला की, अजून दोघांना घ्यायचंय!" छेद. अंश. काटकोन लिहिलं आणि त्याच्यापुढं काही लिहावं लागेल असं वाटलं नाही. सरासरीपर्यंत आले तेवढ्यात इंजिन सुरू झालं.

"अजून आहेत," मी म्हटलं.

"आसू द्या." काकांनी कागद घेतला आणि रूपाला वर चढवलं. "घे पोरी. ताईंनं लिव्हलंय. धर."

रूपानं हात पुढं केला नाही.

"बा," ती म्हणाली, "तिथं साळा हाय का?"

काकांनी कागदाच्या दोन घड्या केल्या, मग आणखी एक, आणि तो पांढऱ्या शर्टाच्या खिशात ठेवून वर चढले.